सोडा जास्त झालेले कपकेक

गावच्या तिठ्यावर मुंबईची बस दुपारी साडेचारला यायची. मी गाव सोडलं त्या दिवशी अण्णा, म्हणजे माझे वडील, दोन वाजताच मला घेऊन तिथे जाऊन उभे राहिले. "गाडी कोणासाठी थांबणा नाय," असं ते दर दहा मिनिटांनी म्हणत होते. आई तिठ्यापर्यंत आलीच नाही. उंबऱ्यात तिने माझ्या हातावर दही घातलं, दोन वेळा डोक्यावरून हात फिरवला आणि आत निघून गेली. आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला, ती भांडी सकाळीच घासून झाली होती.

मी तेवीस वर्षांची होते. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेबलं छापणाऱ्या एका छोट्या कंपनीत मला नोकरी लागली होती आणि राहायची सोय सांताक्रूझला मावशीकडे झाली होती. बस आली तेव्हा अण्णांनी माझ्या हातात गोळ्यांच्या चार पुड्या ठेवल्या. ताप, डोकेदुखी, जुलाब, जळजळ. प्रत्येक पुडीवर त्यांच्या बारीक अक्षरात किती वेळा घ्यायची ते लिहिलेलं. "तब्येतीचा काय असात ता फोन करून सांगूचा. लपवूचा नाय," ते म्हणाले. बस वळेपर्यंत ते उभे होते, हात न हलवता.

अण्णा गावातल्या दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येत, अण्णा सातही दिवस असत. बाकीचे चार दिवस लोक सरळ आमच्या पडवीत येऊन बसायचे. पोटात, छातीत जळजळतंय म्हटलं की अण्णा अर्धा पेला पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालायचे, वर लिंबू पिळायचे, आणि फसफसणारा पेला माणसाच्या हातात देऊन म्हणायचे, "काय नाय, जळजळच असा." माणूस ढेकर देऊन उठायचा. माझी समजूत होती की लोकांना सोड्यापेक्षा त्या वाक्यानेच बरं वाटतं.

मुंबईत मी लवकर रुळले, असं सगळे म्हणायचे. मावशीकडे राहून मरोळच्या नोकरीत चार वर्षं काढली, मग लग्न होऊन मुलुंडला आले. नितीन, माझा नवरा, घाटकोपरला जन्मलेला. त्याचे आजोबा राजापूरकडून गिरणीत कामाला आलेले, पण त्याच्यासाठी गाव म्हणजे मे महिन्यात जाऊन यायची जागा. मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. मी त्या फ्लॅटला 'इकडे' म्हणायचे. घर म्हणजे तिकडचं. नितीन वैतागायचा. "यार, घरी जायचंय म्हणतेस तेव्हा मला विचारावं लागतं, नक्की कुठे?" तिकडे राहिलेल्यांना हे हसू येण्यासारखं वाटेल, पण जे निघून आलेत त्यांना माहीत आहे. एकाच तोंडात दोन पत्ते घेऊन आपण फिरत असतो.

सावी झाल्यावर मी नोकरी सोडली. ती शाळेत जायला लागल्यावर एक छोटा ओव्हन घेतला आणि मोबाइलवर बघून बघून केक करायला शिकले. कपकेक मला चांगले जमायचे. मऊ लोणी आणि आयसिंग शुगर पांढरी होईपर्यंत फेटायची, दोन थेंब व्हॅनिला टाकायचा, आणि ते बटरक्रीम कोनातून गोल गोल वर चढवायचं. व्हिडिओ कॉलवर अण्णा ते बघत बसायचे. "ह्या डोक्यावरचा पागोटा काय असा?" असं विचारायचे. आई मागून म्हणायची, "नुसता बघतत काय, जावन खावन येवा."

सावीच्या पाचव्या वाढदिवसाला अण्णा आले. एकटेच. आईची गाय व्यायला झाली होती, ती म्हणाली, मी हलू शकत नाही.

रविवार होता. दुपारी चारला पोरं यायची होती आणि मी बाराला डबा उघडला तर बेकिंग पावडर संपलेली. गल्लीतलं दुकान बंद. मी सोड्याचा डबा हातात घेऊन विचार करत उभी होते, तेवढ्यात नितीन फुगे फुगवता फुगवता म्हणाला, "सोडा काय नि पावडर काय, एकच ना?" मला खरं तर माहीत होतं की एकच नाही. पण घाई होती, आणि पावडर जितकी लागते तितकाच, अगदी दोन चमचे भरून, मी सोडा घातला. कपकेक काय फुगले! ओव्हनच्या काचेतून मी खूश होऊन बघत होते. मग ते नेहमीपेक्षा जास्त लाल व्हायला लागले. गार झाल्यावर मी एक तोडून खाल्ला. आधी गोड, मग जिभेच्या मागच्या बाजूला खारट, कडवट, साबण लागल्यासारखं काहीतरी. पुन्हा करायला वेळ नव्हता. मी दुप्पट बटरक्रीम चढवलं आणि वर रंगीत साखर पेरली.

पोरं पोरंच. त्यांनी क्रीम चाटलं आणि केक टाकले. ताटल्यांमध्ये बोडके कपकेक पडलेले. मला रडू येत होतं. अण्णांनी ते बघितलं असणार, कारण ते उठले, न उष्टावलेले तीन कपकेक उचलून खिडकीजवळ सोफ्याच्या डाव्या टोकाला जाऊन बसले आणि एकामागून एक तिन्ही खाल्ले. "झकास झालेत," ते मोठ्यांदा म्हणाले. "माझ्या पित्ताचा काम पण होवन गेला." सगळे हसले. मी पण.

पोरं पाच वाजता पांगली. मी खुर्चीला लागलेलं क्रीम पुसत होते. अण्णा शर्टावरून छातीवर तळहात फिरवत होते, वरून खाली, वरून खाली.

"जळजळता गो. चिमटीभर सोडो दी."

"अजून सोडा?" मी हसत म्हटलं. "पोटात गेलाय तेवढा पुरे झाला की."

"दी गो."

मी अर्धा पेला पाण्यात सोडा घातला, लिंबू पिळलं, फसफसता पेला त्यांच्या हातात दिला. आणि मीच म्हटलं, "काय नाही, जळजळच आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग एका दमात प्यायले, ढेकर दिला आणि म्हणाले, "बरा वाटला." त्यांच्या कपाळावर घाम होता. तो मी पाहिला होता. उकडतंय म्हणून पंखा वाढवला. ते म्हणाले, "जरा पडतंय," आणि तिथेच सोफ्यावर आडवे झाले.

पावणेसातला चहा घेऊन हाक मारली, तेव्हा ते उठले नाहीत.

नितीन आणि शेजारच्या दोघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरवलं. हॉस्पिटलमध्ये माझ्याहून लहान दिसणारी डॉक्टर होती. तपासून झाल्यावर तिने मला बाजूला घेऊन विचारलं, कधीपासून त्रास होत होता? मी म्हटलं, पाचपासून. काय दिलं होतं? मी म्हटलं, सोडा. तिने ते लिहून घेतलं. मी वाट बघत होते की ती काहीतरी बोलेल, रागावेल, निदान मान हलवेल. तिने फक्त त्यांचं वय विचारलं.

त्यांना आम्ही गावी नेलं. आई पडवीत बसली होती. दिवसकार्य झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं, केकपासून पेल्यापर्यंत, घामासकट. तिने ऐकून घेतलं. "बरा," म्हणाली, आणि उठून गाईला पाणी ठेवायला गेली. त्यानंतर दोन वर्षं आम्ही त्या दिवसाबद्दल एक शब्द बोललो नाही.

मुलुंडला परत आले आणि अण्णा इथेच राहिलेत हे माझ्या लक्षात आलं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, निदान नव्हते. पण संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात असले की बाहेरून तो आवाज यायचा, टेरिकॉटच्या शर्टावरून तळहात फिरवल्याचा. जाऊन बघितलं की सोफा रिकामा. डाव्या टोकाला मी कुणाला बसू देत नसे. सावी तिथे पाय वर घेऊन बसली की मी खेकसायचे आणि मला तिला कारण सांगता यायचं नाही. सोड्याचा डबा मी केव्हाच फेकला होता. ढोकळ्यासाठी शेजारीण सोडा मागायला आली तर दारातूनच नाही म्हणायचे. ओव्हनवर चादर टाकली आणि आत पापडाची पाकिटं ठेवायला लागले. सावीचे पुढचे वाढदिवस बेकरीतल्या केकवर झाले.

विचित्र गोष्ट अशी, की गावी गेल्यावर ते तिथे मला कुठेच सापडायचे नाहीत. जिथे त्यांनी सगळं आयुष्य काढलं त्या पडवीत मी तासन् तास बसून बघितलं. त्यांची खुर्ची तिथे नुसती खुर्ची होती. चष्मा नुसता चष्मा. ते तिकडे जगले, पण गेले माझ्याकडे, आणि जिथून गेले तिथेच अडकले, असं मला वाटायला लागलं. मग मी मुलुंडच्या फ्लॅटला घर म्हणायला लागले. नितीनला बरं वाटलं. त्याला वाटलं, मी शेवटी रुळले.

गेल्या वर्षी बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. सगळे खुशीत. लिफ्ट येणार, खोल्या मोठ्या होणार. तीन महिन्यांत जागा रिकामी करायची नोटीस खाली बोर्डावर लागली. मी फोनवर आईला सहज सांगितलं, तर ती म्हणाली, "पाडूच्या आधी माका ती खोली बघूची असा."

ती आली. दारात चपला काढल्या आणि पाणीही न घेता विचारलं, "खय बसलेले?" मी सोफ्याचं डावं टोक दाखवलं. ती त्यावर बसली नाही. हातावर हात ठेवून थोडी उभी राहिली, मग समोर फरशीवर बसली आणि सोफ्याकडे तोंड करून चहा प्यायली.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी स्वयंपाकघर बांधत होतो. ओव्हनवरची चादर तिने काढली.

"तेनी खाल्ले ते केक माका करून घाल."

"आई, ते बिघडलेले होते. करायचेच तर चांगले करते."

"चांगले नको. तेच व्हये."

मी म्हटलं, मला नाही जमणार. ती म्हणाली, तेव्हा जमले ते आता कसे जमणार नाहीत? मग खाली जाऊन मी सोड्याचं पाकीट आणलं. दोन वर्षांत पहिल्यांदा हातात घेतलं. मैदा चाळला, साखर, लोणी, अंडी, दूध. खोक्यात भरलेले चमचे पुन्हा बाहेर काढले. सोडा मोजताना माझा हात आपोआप कमी घ्यायला लागला. एखादी गोष्ट मुद्दाम बिघडवायची असेल तर किती लक्ष द्यावं लागतं! मी दोन चमचे भरून घातले. कपकेक तसेच फुगले, तसेच लाल झाले. बटरक्रीम फेटताना आई बाजूला उभी राहून बघत होती. "तेंका ह्या पागोट्याचा लय कौतुक," ती म्हणाली.

सावी शाळेत होती, नितीन कामावर. आई फरशीवर मांडी घालून बसली. तिने आधी क्रीम बोटाने खाल्लं, मग केकचा घास घेतला. तोंड वाकडं होईल म्हणून मी बघत होते. ती डोळे मिटून हळूहळू चावत राहिली.

"तीन खाल्ल्यानी?"

"तीन."

तिने दुसरा उचलला. अर्धा खाल्ला आणि उरलेला हातात धरून बसली.

"तुका एक सांगूचा रवला," ती म्हणाली. "हय येवच्या आधी तेंच्या छातीत दोनदा दुखलेला. डाक्टरान सांगितलेला, कुडाळाक जावन तपासून घ्या म्हणान."

मला आधी कळलंच नाही ती काय सांगतेय. "मग?"

"म्हणाले, नातीचो वाढदिवस होवन जाऊंदे. आता दाखल झालंय तर जावक मिळूचा नाय. माका शपथ घातल्यानी, लेकीक सांगू नको."

मुलुंडला आल्यापासून मी आईशीही शहरी बोलायचे, सवयच लागली होती. त्या क्षणी ती सवय गळून पडली. "आये, दोन वर्सां! दोन वर्सां तू गप रवलंस? मी मारलंय तेंका म्हणान हय रोज..."

"माका कळत होता," ती म्हणाली. "तू सोड्याचा बोललंस तेव्हाच सांगूक व्हया होता. पण सांगितला असता तर तू माका इचारलं असतंस, तेंका एकट्याक कित्याक सोडलंस?"

"मग कित्याक सोडलंस?"

ती हातातल्या केककडे बघत होती. "गाय व्याची होती," ती म्हणाली. मग मांडीवरचा चुरा वेचत, "तेंका येवचा होता."

मी उठून बेडरूममध्ये गेले आणि खोक्यांमध्ये बसून राहिले. मला तिचा राग आला होता, पण अण्णांचा त्याहून जास्त. ते कंपाउंडर होते. छातीतलं दुखणं आणि जळजळ यातला फरक त्यांना माझ्यापेक्षा, गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होता. ज्या माणसाने मला तिठ्यावर लपवू नको म्हणून बजावलं, त्यानेच माझ्यापासून लपवलं. आणि तरी माझ्याकडे सोडा मागितला. का? मला पत्ता लागू नये म्हणून? की आयुष्यभर दुसऱ्यांना "जळजळच असा" म्हणणाऱ्या माणसाला एकदा कुणीतरी तसं म्हणायला हवं होतं? मी तसं म्हटलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं. ती नजर मी दोन वर्षं उलटीसुलटी करून पाहिलीय. त्यात विश्वास होता की निरोप, मला अजून ठरवता येत नाही.

तुम्हाला वाटेल, आईने सांगितल्यावर माझ्या मनावरचं ओझं उतरलं. तसं झालं नाही. मी त्यांना त्या घामासकट रिक्षात घातलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न तसाच राहिला. फक्त आता तो विचारणाऱ्या आम्ही दोघी होतो. दीड दिवस आम्ही खोकी आणि दोरी यापलीकडे काही बोललो नाही. उरलेले कपकेक आईने कागदात गुंडाळून एकटीने संपवले. एकही टाकू दिला नाही.

सोफा भांडुपच्या भाड्याच्या जागेत मावणार नव्हता. जुनं सामान घेणारे दोघे आले आणि उचलून घेऊन गेले. तो जिन्याच्या वळणावर अडकला तेव्हा आई दारात उभी होती. "हळू रे," ती त्यांना म्हणाली, "हळू."

दुसऱ्या दिवशी मी तिला गावच्या बसमध्ये बसवायला गेले. खिडकीतून ती म्हणाली, "रागावलंस तर रागाव. पण फोन कर." मी हो म्हटलं. आठ दिवस केला नाही, मग केला.

बिल्डिंग पाडायला लागले तेव्हा मी एकदा मुद्दाम तिकडून गेले. हिरव्या जाळीच्या वर तिसरा मजला दिसत होता. बाहेरची भिंत पडलेली आणि आमच्या हॉलची आतली फिकट निळी भिंत उन्हात उघडी. खिडकी होती ती जागा नुसती हवा झाली होती. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून विचार करत होते, आता ते कुठे जातील? भांडुपच्या जागेत पाच वाजता काही ऐकू येत नाही. मी मुद्दाम पंखा बंद करून, दुधाखालचा गॅस मंद करून ऐकलंय. गावी ते कधी नव्हतेच. आधी त्यांचं माणूस म्हणून असणं गेलं, आणि आता मी त्यांची उरलेली जागाही सोडून आले.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी संध्याकाळी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. सावीची परीक्षा, वासराचा लचकलेला पाय. मग ती आवाज खाली करून म्हणाली, "हय इले वाटता."

"कोण?"

"तुझे अण्णा. चार दिस झाले. सांजेक पडवेर बसतत."

"काय म्हणतात?"

"काय म्हणतले?" ती म्हणाली. "बसतत."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ रडले. ते माझ्याकडून निघून गेले याचं दुःख होतं, आणि वाट चुकले नाहीत याचं बरं वाटत होतं, दोन्ही एकदमच. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी फोन करते आणि सगळ्यात शेवटी विचारते, "बसलेत?" आई बाहेर डोकावून येते. चपलांचा आवाज मला ऐकू येतो, जाताना आणि येताना. "बसलेत," ती म्हणते.

घर म्हणजे काय, असं तिकडच्या किंवा इकडच्या कुणी मला विचारलं, तर मी ते दोन शब्दांचं बोलणं सांगेन. दूर कुठेतरी आपलं कुणी बसलेलं आहे आणि आत्ताच कुणीतरी बघून आलंय. आई आहे तोवर ते तिथे आहेत. तिच्यानंतर उठून कोण बघणार, हे मी तिला विचारलेलं नाही, आणि तीही त्या विषयावर येत नाही.